अर्थिंग

डिगंबर फिरके, टिश्यूच्या केळीरोपांचे एजंट,
रावेर ते बऱ्हाणपूर दर आठवड्याला.
गाडी जुनी, टेप नवा,
डिक्कीत पोराने बसवून दिलेला ॲम्प.
सावद्याला माझ्या शटरसमोर उतरले ते बोलतच,
"मुश्ताक, गाणं लावलं का मागून कोणी पिपाणी वाजवू राह्यलं.
रेस दिली का वर चढते, सोडली का खाली.
आवाज पार कमी केला, तरी चालूच.
मले येड लागीन आता."

मे महिना. बोनेटला हात लावायची सोय नाही.
मी म्हटलं, इंजिन चालू ठेवा आणि पाच मिनिटं बोलू नका.
दुसरं त्यांना जड गेलं.

टकटक असती तर प्लग पाहिला असता,
घरघर असती तर एसीचा पंखा.
पायाबरोबर चढणारी ही बारीक सुई अल्टरनेटरची.
पण त्याला शिव्या देऊन काय होणार,
तो त्याचं काम करतोय.
आत कोणी घेतलं त्याला, ते बघायचं.

ॲम्पच्या पिना काढल्या.
गप्प.
परत लावल्या, परत आली.
टेपच्या जागी माझा मोबाईल जोडला, खिशातला, चार्जर नसलेला,
गप्प.

अब्बा कापूस पिंजायचे.
गादीत गोळा कुठे राहिला ते हाताने नाही चाचपायचे,
तातीचा आवाज जरा बसला की थांबायचे
आणि बरोबर तिथेच बोट घालायचे.
मला वाटायचं, हे सगळ्याच बापांना येतं.

मीटरची एक सळई टेपच्या पत्र्याला,
दुसरी डिक्कीत, ॲम्पच्या काळ्या वायरीला.
शून्य यायला हवं. आलं पॉइंट चार.
गालिचा उचलला तर पोराने स्क्रू आवळलेला थेट रंगावर,
खाली गंज, गंजाखाली
कधीतरी सांडलेल्या रोपांची वाळकी माती.
"अर्थ दोन ठिकाणी दोन निघतोय, काका.
म्हणून भांडण."
"पोरगं इंजिनिअर आहे," ते म्हणाले,
आणि रस्त्याकडे बघत बसले.

पॉलिश पेपरने घासलं, पत्रा आरशासारखा होईस्तोवर.
दातेरी वॉशर, जाड वायर, वीतभर लांबीची.
बॅटरीची तार आणि गाण्याची तार
एकाच दाराखालून जोडीने गेल्या होत्या,
एक काढून ड्रायव्हरकडून नेली.
घामाचे दोन थेंब ॲम्पवर पडले, ते पुसले.
स्टार्ट. रेस.
नुसता तबला, आणि तबल्याच्या मागे काहीच नाही.
साडेतीनशे घेतले. त्यांनी तीनशे दिले.

नवव्या दिवशी परत दारात.
"आली का पिपाणी?"
"नाई ना. तेच तर सांगू राह्यलो."
काचा वर, एसी चालू, इंजिन ऐकू येत नाही,
आरपीएमचा काटा दोन वर्षांपासून झोपलेला.
पिपाणी अमुक पट्टीला गेली की तिसरा टाकायचा,
तमुकला चौथा.
हे आपण करतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं,
विवऱ्याच्या गतिरोधकावर गाडी तीनदा बंद पडेपर्यंत.

"थोडी परत टाक."

मी हसलो.
ते हसले नाहीत.
अठरा वर्षांत लोकांनी माझ्याकडून आवाज काढून नेले,
मागायला कोणी आलं नव्हतं.

डिक्की उघडली. कागदाचा कपटा घडी करून
वॉशरखाली सारला, स्क्रू अर्धा फेरा सैल.
"एवढी?"
त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले,
"अजून जराशी."
पाव फेरा.
"बास."

पैसे किती सांगावेत ते सुचेना,
तेवढ्यात गाडी निघालीही.
फैजपूर रोडच्या वळणाला
तिसरा पडला, बरोबर वेळेवर,
मी शटरखाली उभा राहून ऐकला.